मनातले मांडे

लोणारच्या सरोवराला पर्यटक वाढले, तेव्हा साहेबलोक जवळच्या या गावात येऊन सांगून गेले होते की घरोघरी पाहुणे उतरवा, सगळ्या गावाचं भलं होईल. ते भलं आलं ते थेट रेणुकाच्या ओसरीवर, आणि तिथेच बूड टेकून बसलं, असं सारिकाचं ठाम मत होतं.

सारिकानेही खोली रंगवली होती, नव्या चादरी आणल्या होत्या. पण तिचं घर मागच्या गल्लीत. गाड्या डांबरी रस्त्यावरच्या रेणुकाकडेच थांबत. वर्ष झालं, चादरींची घडी मोडली नव्हती. संध्याकाळी तिकडून पाहुण्यांचं हसणं ऐकू आलं की सारिकाच्या पोटात दुखायचं.

"धड रांधता येत नाही तिले. मांडे केले तं चिंध्या होतेत," ती नवऱ्याला सांगायची.

हे मात्र खरं होतं. पालथ्या तापल्या मडक्यावर पुरणाचा हातभर रुंद मांडा पसरावा तो सारिकानेच. लग्नाकार्यात बोलावणं तिलाच असायचं. बाकी वर्षभर बिचारी मनातच मांडे खात होती.

रविवारी दुपारी एक गाडी वाट शोधत मागच्या गल्लीत शिरली. पुण्याकडच्या बाईंनी काच खाली केली.

"रेणुकाताईंनी..."

एवढं नाव पुरे झालं. सारिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"जा नं मंग तिच्याचकडे! फक्त गादी झटकून झोपा. ढेकणं हायेत तिच्या घरात."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. गाडी मागे फिरली आणि रेणुकाकडे न वळता सरळ लोणारच्या रस्त्याला लागली. सारिकाला फार बरं वाटलं.

थोड्या वेळाने रेणुका तुपाचा डबा घेऊन आली.

"आले काय वं पाहुणे? मांडे खायचे होते त्याहिले. माह्याच्यानं काही ते होत नाही. म्हटलं, मुक्कामालेच सारिकाकडे जा. तुही खोली तं लागू दे एकडाव."

सारिका तुपाच्या डब्याकडे पाहत म्हणाली, "नाई आले."

"काऊन? चुकले असतीन. थांब, फोन लावतो."

"राहू दे नं..."

पण रेणुकाने फोन कानाला लावलाही होता. "हाव, बोला ताई," म्हणाली. बराच वेळ नुसती ऐकत राहिली. मग तिने फोन खाली घेतला आणि डबा ओट्यावर ठेवला.

"सारिके, माह्या घरात ढेकणं हायेत काय वं?"