टोकिए आजींच्या कानातला मुका इअरफोन

“याचे कान कंपनीच्या हातात ठेवू नका. उद्या कंपनीने पाठ फिरवली, तर हा माणसाच्या कानातच मरेल,” जपानमधल्या हामामात्सूच्या कारखान्यात माझे सुटे भाग जोडणाऱ्या कुराताताई साहेबांना म्हणाल्या होत्या. साहेब हसले. मित्रांनो, मीही हसलो. आज मी एक जुना इअरफोन आहे. तेव्हा कोरा करकरीत होतो. वाटले, या बाई उगाच घोर लावून घेतात.

कमी ऐकू येणाऱ्यांसाठी मी आवाज मोठा करत असे. पण रोज सकाळी मालकाच्या फोनमार्फत कंपनीची परवानगी आली, की मगच. सहा वर्षे ती आली. एकट्या राहणाऱ्या टोकिए आजींना मी रेडिओ ऐकवला, दारावरची बेल ऐकवली. “हा माझा तिसरा मुलगा,” त्या म्हणत, “पहिले दोघे फोनसुद्धा उचलत नाहीत!”

मग कंपनीची ‘दिशा’ बदलली. कानांत फायदा नाही, म्हणे. पुढचा काळ गाड्यांच्या सॉफ्टवेअरचा. परवानगी बंद झाली. कळवले कसे? ईमेलने. ऐंशी वर्षांच्या बाईला ईमेल! अजून संताप होतो माझा.

आजींना वाटले, आपलेच कान गेले. तक्रार कोणाकडे करणार? सवयीने त्या मला कानात घालत राहिल्या.

जुलैत त्या स्वयंपाकघरात पडल्या. उठता येईना, आणि फोन दुसऱ्या खोलीत. पुढचे मला मागाहून कळले. गल्लीची सूचनावही घरोघर फिरते. वाचायची, शिक्का मारायचा, शेजारी द्यायची. ती घेऊन शेजारची मिसुझु आली. बेल वाजवली. उत्तर नाही.

“पुन्हा वाजवू नकोस गं,” सासूबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या. “नको असेल त्यांना कोणी. वही दाराला अडकव नि ये.”

“पण आई, दिवा चालू दिसतोय.”

“म्हणून काय दार फोडशील? लोकांना त्रास देऊ नये.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा बेल. आत, दहा पावलांवर, आजी पाण्यासाठी तळमळत होत्या. ओरडण्याइतकी ताकद होती त्यांच्यात! पण कोणी आले आहे, हेच त्यांना कळत नव्हते. आणि मी त्यांच्या कानात होतो. धडधाकट. एक तार तुटलेली नाही.

तिसऱ्या सकाळी वही तशीच लटकत होती. “जळली ती रीतभात!” म्हणत मिसुझुने मागची काच फोडली. आजी वाचल्या. आता चालत मात्र नाहीत. कंपनीच्या वहीत मी ‘बंद केलेले उत्पादन’ आहे. आजी तर तिथे कुठेच नाहीत.

मित्रांनो, कपाटात पडलेल्या माझ्यावरची धूळ पुसत बसू नका. तुमच्या ओळखीचे कोणी असे एकटे राहत असेल, तर आजच जा. समोर उभे राहा, त्यांना तुमचे ओठ दिसू द्या, आणि विचारा, “आजी, जेवलात का?”