कासऱ्यावरचा माउस

पवनारच्या पुंडलिकरावांनी आयुष्यभर अशी बैलं हाकली, की नुसता कासरा हलवला तर जोडी वांग्यांच्या ओळींतून एकही फूल न पाडता निघायची. एकदा ओळींतलं तण काढायला डवरता डवरता त्यांना झोप लागली, तर बैलांनीच उरलेलं वावर डवरून त्यांना घरी आणून सोडलं. खोटं वाटत असेल तर बैलांना विचारा. पण त्या दिवशी हा माणूस सुनेच्या टेबलाशी बसून असा थकला होता, जणू सारं शिवार पाठीवर वाहून आणलं.

सकाळी वीज जाऊन आली तेव्हापासून घरातलं इंटरनेट बंद होतं. राउटर बंद करून पाहिला, चालू करून पाहिला. लाल दिवा काही जाईना. सून वर्षाली तिच्या आईला घेऊन सेवाग्रामच्या दवाखान्यात गेलेली. परतल्यावर लगेच तिची नोकरीची मुलाखत होती, कॉम्प्युटरवरच. काम घरी बसून करायचं. मिळालं तर ठीक, नाही तर मुलगा स्वप्निल बायको-लेकरं घेऊन पुण्याला जाणार, हे ठरलेलं. मग घरात उरणार पुंडलिकराव आणि वांगी.

"कंपनीले फोन लावजा, मामाजी. ते सांगतीन तसं करा," असं सांगून ती गेली होती.

फोनवर आधी गाणं. ते इतकं वाजलं की खिडकीतल्या दोडक्याच्या वेलाला नवीन पान फुटलं आणि शेजारच्या महादेवरावांची म्हैस त्याच तालावर रवंथ करू लागली. मग रंजिता नावाची मुलगी बोलली. तिचाही आवाज पेंगलेला.

"काका, स्क्रीनवर राउटरचं चित्र दिसतंय ना? खाली आहे बघा. बाण त्यावर न्या."

"नेऊन राह्यलो. पण तो वर पयते."

"खाली ओढा ना."

"खालीच ओढून राह्यलो, बाई. जितका ओढतो तितका वर चढते. अडेल जनावर आहे."

अडेल जनावरं पुंडलिकरावांनी पुष्कळ पाहिली होती. खाली न्यायचं तर वर ढकलायचं, हे त्यांनी ओळखलं. उजव्या हातानं हाकायचं आणि डाव्या हाताच्या बोटानं, तुतारीच्या अणकुचीदार काठीनं बैलाला टोचावं तसं, बटण टोचायचं. बाण चित्रावर बसला.

"आता उजवं बटण दाबा. यादी उघडेल."

"दाबलं. काईच नाई उघडलं."

"उजवंच दाबलं?"

"माया उजव्या हाताकडचं."

"काका, माउसची वायर कुठं आहे?"

"मायाकडं. कुठं राहीन? कासरा हाकणाऱ्याकडंच राह्यते. जनावराच्या समोर उभं राहून कोण हाकते?"

पलीकडून आवाज आला. हसण्याचा की रडण्याचा, कळलं नाही. "तो फिरवून धरा, काका."

पुंडलिकरावांनी फिरवला. बाण थेट कोपऱ्यात जाऊन दडला. "आता हात बसला आहे, बाई. फिरवलं की बिथरते."

"राहू द्या," रंजितानं उसासा टाकला. "आधी धरला होता तसाच धरा. मी उजवं म्हटलं की तुम्ही डावं टोचा."

मग दोघांनी मिळून तो माउस उलटा हाकला. यादी उघडली, यादीतून राउटरचं पान, पानाच्या तळाशी एक बटण. 'पुन्हा जोडा.' पुंडलिकरावांनी टोचलं. दिवा हिरवा झाला. दोघांनीही फोन ठेवून दिला. आनंद करायला जीव कुणातच नव्हता.

वर्षाली आली, हातपाय धुवून थेट टेबलाशी बसली आणि दार लावून घेतलं. पुंडलिकराव बाहेर पायरीवर बसून राहिले. आतून तिचा आवाज येत होता, तोवर त्यांना चहाही सुचला नाही.

दार उघडलं. "झालं, मामाजी. घेतलं त्यायनं मले. घरूनच काम आहे."

"मंग पुणं?"

"कायचं पुणं? ते विचारत होते, गावात नेट गेलं तर काय करसान. मी सांगतलं, आमच्या घरी त्याच्यातला माणूस आहे."

पुंडलिकरावांनी आत टेबलाकडं एकदा पाहिलं.

"काऊन सांगतलं वं, बाई," ते म्हणाले, आणि भिंतीला टेकून डोळे मिटून घेतले.