ओवाळणीचा फोटो

हायकोर्टानं सम्राटच्या सुटकेचा अर्ज फेटाळला, हे क्रांती वकिलीणबाईंनी फोनवर सांगितलं नाही. त्या स्वतःच मंगळवार पेठेत, थेट गोठ्यापर्यंत आल्या. बातमी वाईट आहे हे शालूबाईनं तिथंच ओळखलं. चांगली बातमी कुणी शेण तुडवत आणत नाही. धार निम्मी झाली होती. तिनं हात थांबवला नाही.

"मावशी, सम्राटला सोडत नाहीत."

"त्यानं केलंय काय, ते तरी बोलले का?"

"केल्याबद्दल नाही. पुढं काही करील म्हणून वर्षभरासाठी आत ठेवलाय."

"लाथ मारंल म्हणून मी ह्या म्हशीला वरीसभर दावणीला आवळली, तर दूध कोण दील?"

वकिलीणबाई हसल्या. मग त्यांनी निकालाचं पान काढलं. लोक सम्राटला भितात, साक्षीदार स्वतःचं नाव सांगायला तयार नाहीत, असं पोलिसांचं म्हणणं होतं. सोबत पुरावा म्हणून पोलिसांनी एक फोटो जोडला होता.

शालूबाईला तो न बघताच कळला. मागं मारामारीच्या केसमध्ये सम्राटला जामीन झाला, तेव्हा तालमीच्या पोरांनी चौकात डिजिटल, म्हणजे हा भला मोठा छापील फलक, लावला होता. गॉगल घातलेला सम्राट, शेजारी जबडा उघडलेला वाघ आणि खाली ठसठशीत अक्षरं: ‘पेठेचा वाघ सुटला, आता कुणाची खैर नाही’. पेठेत कुत्र्याच्या वाढदिवसालाही डिजिटल लागतो, मग हा तर जेलमधून येणारा पोटचा पोरगा. तालमीच्या गुंडूनं मजकूर आधी तिलाच वाचून दाखवला होता. "लिवा की," ती म्हणाली होती, "वाघच हाय माझा." मग त्या डिजिटलखाली उभं राहून तिनं सम्राटला ओवाळलं. फोटोत ताट होतं, निरांजन होतं, आणि तोंडभरून हसणारी शालूबाई होती.

"म्हंजे मीच घातला की वो त्याला आत."

"तसं नाही, मावशी," वकिलीणबाई म्हणाल्या. पण त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती. धंद्यात त्या मागं पडल्या त्या त्यामुळंच. "आता दिल्लीला, सुप्रीम कोर्टात अपील करायचं. त्याची सही लागेल. तुम्ही समजावा त्याला."

जेलमध्ये काचेपलीकडं सम्राट बसला होता. मिशी उतरवलेली, गालफडं वर आलेली. ह्याला वाघ कोण म्हणंल? शालूबाईनं फोन कानाला लावला.

"सही कर, बाळा."

"काय उपेग न्हाय, आई. दिल्लीत नंबर लागंपतूर वरीस सरंल. मग म्हणत्याल, सुटलायस की, आता अपील कशाला?"

"कुणी सांगितलं तुला?"

"हितं आत समदी वकीलच हायती."

ती हसली नाही. "मला म्हाईत हाय काय हुणार ते. पर तू सही केलीस, तर सकाळी उठल्यावर मला वाट बघायला कायतरी ऱ्हाईल. न्हायतर नुसती म्हसरं हायती."

त्यानं काचेवरचा बोटांचा ठसा बाहीनं पुसला.

"करतो. पर आता डिजिटल लावायचा न्हाय. गुंड्याला सांग."

"जोतिबाची आण. न्हाय लावू देत."

केएमटीच्या बसमधून उतरून ती चौकात आली, तर पोरं शिडीवरून खाली उतरत होती. गॉगल तोच, वाघ तोच. फक्त अक्षरं नवी होती: ‘पेठेचा वाघ आता दिल्ली हलवणार’.

"गुंड्या, मुडद्या, काढ ते!"

"काकू, पोरांनी प्रेमानं केलंय की! वकिलीणबाईंच्या हापिसात कळालं अपिलाचं. म्हटलं, तुमाला जरा धीर..."

गुंडूचा आवाज खाली आला. रस्त्याच्या कडेला मोटारसायकल थांबली होती. पोलीस चौकीतला, साध्या कपड्यातला एक माणूस खिशातून मोबाइल काढत होता; पेठ त्याला ओळखत होती.

शालूबाई धावली. डिजिटलपुढं जाऊन तिनं दोन्ही हातांनी पदर पसरला. पदर तो केवढा. त्याच्याआड खालची अक्षरंसुद्धा धड झाकली नाहीत. वर पोरगा आणि वाघ तसेच उघडे राहिले.

"सायब, फोटू नगा काढू," ती म्हणाली. "पाया पडते."

त्यानं मोबाइल जरा आडवा धरला, सगळं मावावं म्हणून. तीही मावली.