फुंकर कोणाची?

रुग्णालयाच्या फाटकाशी त्या सायंकाळी पाय ठेवावयास जागा नव्हती. सकाळी पोटावर शस्त्रक्रिया झालेला एक सुतार स्वतःच्या पायांनी बाहेर येत होता आणि त्याच्यापुढे उलटी पावले टाकीत, गाल फुगवून फुंकर मारीत फुंकरबाबा चालले होते. "टाके ओले आहेत अजून, आणि गडी बघा कसा चालतोय!" असे ते ओरडत होते. जमाव हात जोडून उभा होता. मी मात्र मनातल्या मनात चरफडत होतो.

या रुग्णालयातून रुग्णास शस्त्रक्रियेच्या दिवशीच घरी धाडतात. त्याची पूर्वतयारी म्हणून फोनवर चार-चार मिनिटांचे धडे पाठवितात. पुढे माझ्या थोरल्या बंधूंची हर्नियाची शस्त्रक्रिया ठरली, तेव्हा मी ते धडे त्यांच्यापुढे धरले.

"जाहिराती असतात रे त्या," म्हणून दादांनी फोन पालथा घातला.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं ज्ञान तुमच्यापाशीच ठेवा. बाबांशी बोलणं झालंय. फक्त दुखण्याची गोळी घ्यायची नाही, गोळीनं फुंकर बाटते."

शस्त्रक्रिया उत्तम पार पडली. सिस्टरांनी बजावले, "उठले, चालले, लघवी झाली, की सुट्टी. नाहीतर संध्याकाळी मोठ्या इस्पितळात हलवून लघवीसाठी नळी घालावी लागेल."

नळीचे नाव ऐकताच दादा पांढरे पडले. ते सरळ उठू पाहात आणि "मेलो रे!" म्हणून पुन्हा आडवे होत. मी गोळी पुढे केली की ओठ घट्ट मिटून घेत. गोदामात पोती उचलणारा हा पुरुष तान्ह्या मुलासारखा हट्ट करीत होता! मी विनविले, रागावलो, अखेरीस भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. वहिनी बाबांस घेऊन आल्या.

बाबांनी नाक वर करून हवा हुंगली. "या खोलीत कुणीतरी गोळीचं नाव काढलंय."

सर्वांनी माझ्याकडे पाहिले.

"असू दे. आमची फुंकर समर्थ आहे. बाळा, कुशीवर वळ. गुडघे जवळ घे. पाय खाली सोड. कोपरावर भार दे. आता मी फुंकतो, माझ्यासंगे तूही फुंक आणि..."

"थांबा!" दारात सिस्टर उभ्या होत्या. "काका, तुम्ही होय? गेल्या वर्षी तुमच्याही हर्नियाचं ऑपरेशन इथंच झालं ना? तुमचा फोन बिघडला होता, म्हणून हा धडा मी माझ्या फोनवर दाखवला होता."

त्यांनी तो तिथेच लावला. फोनमधली बाई शांतपणे सांगत होती: कुशीवर वळा, गुडघे जवळ घ्या, पाय खाली सोडा, कोपरावर भार द्या, श्वास रोखू नका, त्याने पोटावर ताण येतो, उठताना ओठांचा चंबू करून स्वतः हळू फुंकर मारा.

"आमचा मंत्र चोरलाय!" बाबा गरजले.

"आणि गोळी? तुम्ही तर वेळेआधीच मागत होतात."

बाबांना ठसका लागला. ते वहिनींस "बाहेरून फुंकतो" असे सांगून निघून गेले.

दादांनी माझ्याकडे न पाहता हात पुढे केला. मी गोळी दिली. अर्ध्या तासाने फोन उशाशी ठेवून ते कुशीवर वळले, फूऽऽ करीत बसले, उभे राहिले, भिंतीला धरून शौचालयात गेले. आतून लघवीचा आवाज आला, तेव्हा वहिनींनी डोळे पुसले.

"पण बाबा बाहेरून फुंकतच असतील ना, भाऊजी?"

मी खिडकीतून खाली पाहिले. बाबा समोरच्या टपरीवर चहा फुंकत होते. मी वहिनींना खिडकीशी बोलावले. त्यांनी खाली पाहिले आणि वळून त्या दादांच्या चपला शोधू लागल्या.

वाचकहो, माझा जीव यासाठीच तुटतो. जी गोष्ट शिकविण्यास माणसे कष्ट घेतात, ती आपण पालथी घालतो आणि तीच कोणी डोळे वटारून सांगितली की पाया पडतो. कूस आपली, कोपर आपले, श्वासही आपलाच. मग चमत्कार दुसऱ्याचा कसा? धडा आला तर आधी पाहा. शंका आली तर सिस्टरांना विचारा. आणि गोळी वेळेवर घ्या हो, कृपा करून घ्या!