राममूर्तीच्या पडद्यावरची वेळ

"ऐकून कोणी विश्वास ठेवणार नाही, पण त्या कंप्युटरनं शेवटी मला हात जोडले!"

बाळकृष्णरावांनी कॉफीचा पेला ओट्यावर ठेवला आणि तोंड असं वाकडं केलं, की शेजारच्या रघुरामला वाटलं, कॉफीत माशी पडली. माशी नव्हती, राममूर्ती आठवला होता. पायरीवर गायत्री बसली होती. आठ दिवसांपूर्वी राव निवृत्त झाले, त्यांची खुर्ची तिला मिळाली. जुन्या कपाटाची किल्ली विचारायला ती जाताजाता थांबली होती.

तंजावूरच्या एका खासगी कॉलेजात रावांनी एकतीस वर्षं कारकुनी केली, आणि त्यांच्या नावापुढे एकदाही अर्धा दिवस लागला नाही. कावेरीला पूर आला तेव्हाही ते वेळेवर हजर होते. मगरीच्या पाठीवरून आलो, असं सांगत. निरोपाच्या दिवशी 'एकही दिवस अधुरा नाही' असं मानपत्र वाचायचं ठरलं होतं. राव ते मनातल्या मनात रोज वाचत.

शेवटच्या महिन्यात ऑफिसर राममूर्तीनं हजेरीच्या लिनक्स मशीनवर घड्याळाची सेटिंग स्वतः बदलली. दुसऱ्या दिवशी रावांनी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी बोट लावलं, पडद्यावर उमटलं तीन चाळीस. संध्याकाळी पाचला लावलं, तर साडेअकरा! बाराच्या आत घरी गेला म्हणून शेरा पडला, अर्धा दिवस. बाकीच्यांनाही तोच शेरा होता, पण कोणी हूं की चूं केलं नाही. त्यांना कुठे मानपत्र मिळायचं होतं?

"गेलो राममूर्तीकडे," राव म्हणाले. "तो दात कोरत होता. म्हणतो, 'माझ्या पडद्यावर नऊ दहाच आहेत राव, चष्मा बदला.' आणि दातातलं काढलं, निरखून पाहिलं, परत खाल्लं! शी!"

"अय्यो! पुढचं सांगा," रघुराम म्हणाला.

रावांचा पापनाशमला राहणारा भाचा वादिराज अशा मशीनवरच काम करतो. फोनवर त्यानं उलगडा केला. "मामा, घड्याळ ठीक आहे. पण आपण कोठल्या देशात आहोत, हे सांगणारी एक फाइल असते. ती बदलताना वाचायची परवानगी फक्त मालकाला राहिली. राममूर्ती मालक म्हणून आत शिरतात, त्यांना आपली वेळ दिसते. हजेरीचा प्रोग्राम साधा नोकर. त्याला ती फाइल वाचता येत नाही, मग तो साडेपाच तास मागची विलायती वेळ धरतो."

"मग मी देतो परवानगी!"

"तुम्हांला द्यायची परवानगी नाही मामा. एका ओळीचं काम, पण पासवर्ड त्यांचा."

ज्यानं सगळ्यांची वेळ बिघडवली, त्याला एकट्याला ती बरोबर दिसत होती! रावांनी वादिराजनं सांगितलेली ती ओळ सुवाच्य अक्षरात कागदावर उतरवली आणि राममूर्तीपुढे ठेवली. त्यानं त्यावर कॉफीचा पेला ठेवला. दुसऱ्या दिवशी विचारलं, तिसऱ्या दिवशी विचारलं. पेला तिथेच.

"आणि बारा अर्धे दिवस झाले!" राव ओट्यावर सरसावून बसले. "मग शेवटच्या दिवशी मी सरळ त्याच्या खुर्चीत बसलो. ओळ टाइप केली. पडदा थरथरला! कॉलेजातल्या एकूण एक घड्याळानं टोले दिले, तिरुवैयारुपर्यंत ऐकू गेले. राममूर्ती उभा राहून घाम पुसतोय! बाराही शेरे पुसले गेले. आणि मग मानपत्र वाचलं, पहिल्या ओळीपासून..."

रघुरामनं मान डोलावली. गायत्रीनं डोलावली नाही. तिनं पिशवीतून घडी केलेला कागद काढला आणि रावांच्या पेल्याशेजारी उलगडला. सुवाच्य अक्षरातली एक ओळ, आणि तिच्यावर तपकिरी गोल डाग.

"पोय! खोटं सांगता मामा," ती हळूच म्हणाली. "आज नऊला बोट लावलं, तर मला साडेतीनच दाखवलं. तुमचे बारा अर्धे दिवसही तसेच आहेत. आणि हा कागद सकाळपर्यंत राममूर्तींच्या पेल्याखालीच होता."