२९ ऑगस्टचा रकाना

२६ ऑगस्ट १९५४ : ०.४१
२७ ऑगस्ट : ०.००
२८ ऑगस्ट : ०.०५
२९ ऑगस्ट :
३० ऑगस्ट :
३१ ऑगस्ट :

असंच थेट ७ सप्टेंबरपर्यंत. कोरं.

अंबडच्या कचेरीच्या आवारात, तारेच्या कुंपणात पर्जन्यमापक होतं. गिरिधर कारकून रोज सकाळी आठला कुलूप काढायचा, बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतायचा आणि इंच-सेंट लिहायचा; शंभर सेंटचा एक इंच. कुलपाची किल्ली त्याच्या जानव्याला.

२८ तारखेला पाच सेंट लिहून तो घरी गेला. दुपारी त्याची लेक शरयू गेली. आठ वर्षांची, तापानं. संध्याकाळी नदीवर तिला अग्नी दिला. किल्ली जानव्यालाच राहिली.

मग सुतक.

७ सप्टेंबर. गिरिधर कचेरीत आला. बाटली गळ्यापर्यंत भरलेली.

"पुंजाराम, दहा दिवस कोणी मोजलं न्हाई?"

"किल्ली तुमच्यापशी व्हती मालक," शिपाई म्हणाला. "दोनदा दारापस्तोर आल्तो. पण आत बाई रडत व्हत्या. अशा घरात किल्ली कशी मागावी?"

गिरिधरनं पाणी मापलं. तीन इंच चाळीस सेंट. दहा दिवसांचा सगळा पाऊस एकाच बाटलीत. कोणत्या दिवशीचा किती, ते पाण्याला विचारून कळत नाही.

कचेरीतले वरिष्ठ, पेशकार शरदचंद्र, यांनी तक्ता पाहिला. तो औरंगाबादला जायचा होता.

"गिरिधरराव, आभाळ बी सुतकात बसल्तं काय?"

बोलून झाल्यावर त्यांनी मान खाली घातली. मग हळू आवाजात म्हणाले, "शून्य टाका."

"शून्य म्हणजे पाऊस पडला न्हाई, साहेब. मला माहीत न्हाई, एवढंच आहे."

"मंग शेजारच्या घनसावंगीचे आकडे उचला."

"तिथला पाऊस तिथं पडला."

"तर मंग दहानं भागा. रोज चौतीस सेंट. बेरीज बराबर, तक्ता भरलेला, वरून विचारणा न्हाई."

"रोज सारखा पाऊस पडतो का कुठं?"

"कोण बघून राह्यलंय?" पेशकार म्हणाले. "उद्या सकाळी सही करून द्या."

(इथे एक परिच्छेद असायला हवा. नदीवर काय झालं त्याचा. तो गिरिधरलाही आठवत नाही.)

घरी प्रेमलानं पाट मांडला, ताट वाढलं, आणि रोजचाच प्रश्न विचारला. अग्नी दिला त्या संध्याकाळी बायका घरीच थांबल्या होत्या. पत्र्यावर काहीतरी वाजलं होतं. पाऊस की कावळे, तिला कळलं नव्हतं.

"तिच्यावर पाऊस पडला का हो?"

"आठवत न्हाई."

"तुमचा सदरा ओला व्हता."

"नदीत आंघोळ केल्ती."

"साऱ्या तालुक्याचा पाऊस मोजता तुम्ही. माझ्या लेकीवरचा तेवढा ठावं न्हाई?" तिचा आवाज चिरकला. "लाकडं ओली झाली असतील तर... अर्धवट तर न्हाई ना राह्यली ती?"

गिरिधरनं घास ताटात ठेवला. माप सकाळी आठचं, म्हणून २८ ची संध्याकाळ २९ च्या रकान्यात येते. २९ चा रकाना कोरा होता.

"चौतीस सेंट," तो म्हणाला.

"म्हणजे किती?"

तो उठला. सपाट बुडाची परात घेतली, तांब्यानं थोडं थोडं पाणी ओतलं, बोटानं अंदाज घेतला, थांबला.

"एवढं. जमिनीवर जसंच्या तसं उभं राह्यलं असतं तर एवढं."

प्रेमलानं परातीत बोट उभं धरलं. नखापुरतं भिजलं.

"एवढंच?"

"एवढंच."

ती पाण्याकडे बघत राहिली. "एवढ्यानं काही लाकडं विझत न्हाईत," ती म्हणाली. मग तिनं दहा दिवसांत पहिल्यांदाच आपलंही ताट वाढून घेतलं.

२९ ऑगस्ट : ०.३४
३० ऑगस्ट : ०.३४
३१ ऑगस्ट : ०.३४
१ सप्टेंबर : ०.३४

गिरिधरनं असे दहा आकडे एका शाईत लिहिले आणि सही केली. पेशकारांनी तक्ता न वाचता पाकिटात घातला.

८ सप्टेंबरला पाऊस नव्हता. शून्य लिहिताना तो थोडा थांबला. ते शून्य खरं होतं. मोजलेलं होतं.

घरी परात अजून भिंतीशी तशीच ठेवलेली होती. पाणी आटत चाललं होतं. प्रेमला ती उचलू देत नव्हती.