एकशे त्रेचाळीस नंबरचे जाड पान

मित्रांनो, मी एक जुनी नोंदवही आहे. वही म्हटल्यावर तुम्हाला दप्तरातली वही आठवली असेल, तर ती आधी विसरा. माझे वजन पाच किलो आहे आणि मला उचलताना भलेभले कण्हतात. कोणाची जमीन कोणाकडे गेली, ते माझ्यात लिहितात.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. बाइंडरने माझी पाने जाड दोऱ्याने शिवली, पाठीला लाल कापड लावले आणि पानापानावर आकडे मारले. कचेरीत आल्यावर साहेबांनी पहिल्याच पानावर लिहिले की या वहीत दोनशे पाने आहेत, आणि खाली सही केली. माझे एक पान जरी कोणी फाडले असते, तरी चोरी लगेच उघडी पडली असती. या गोष्टीचा मला फार तोरा होता. एखादा कागद माझ्यात जास्तीचा आला तर काय करायचे, हे मात्र कोणी लिहून ठेवले नव्हते.

माझे काम सांगते. माझ्या प्रत्येक पानावर डावीकडे मालकांची नावे असतात. जमीन विकली गेली की उजवीकडे आधी कच्ची नोंद होते. मग सगळ्या संबंधितांना नोटीस जाते आणि पंधरा दिवस वाट बघतात. कोणी हरकत घेतली तर साहेब दोन्ही बाजूंचे ऐकतात. नाही घेतली तर सही करतात. मग जुन्या नावाभोवती कंस घालून त्याखाली नवे नाव लिहितात. खोडायचे काही नाही, असा नियम आहे. कंसातले नाव वाचता येते, पण त्या माणसाचा हक्क संपलेला असतो.

मला सांभाळणाऱ्या कारकुनाला सगळे अण्णा म्हणत. अक्षर मोत्यासारखे, स्वभाव चोख. टाचणीने पाने गंजतात म्हणून ते माझ्यात टाचणी टोचू देत नसत. नोटिशीची प्रत ते पानावर डिंकाने चिकटवायचे, आणि डिंकाच्या बाबतीत त्यांचा हात फारच सढळ होता. माझी इतकी काळजी घेणारे दुसरे कोणी मला भेटले नाही. घोळ झाला तो याच काळजीपायी.

एकशे त्रेचाळीस नंबरच्या पानावर एका भावाबहिणीची नावे होती. आईमागे जमीन दोघांच्या नावावर आली होती. बहीण शिवणकाम करायची. तिचे दोन खोल्यांचे घर आणि शिवणयंत्र त्याच जमिनीवर होते. भावाने तिला न विचारता सगळी जमीन एका लाकडाच्या वखारवाल्याला विकून टाकली. नोटीस मिळाल्यावर चौदाव्या दिवशी ती हरकतीचा अर्ज घेऊन आली. अण्णा तेव्हा नोटिशीची प्रत माझ्यात चिकटवत होते. त्यांनी अर्ज वाचला, बरोबर आहे म्हणाले. पण पावतीवर मारायच्या शिक्क्याची शाई वाळून गेली होती.

“पावती उद्या घेऊन जा, ताई,” अण्णा म्हणाले. “अर्ज पोचला म्हणून समजा.”

ती विश्वासाने गेली. अर्ज हरवू नये म्हणून अण्णांनी तो त्याच पानात, अर्धवट चिकटवलेल्या नोटिशीखाली सरकवून ठेवला, मला मिटले आणि माझ्यावर आणखी दोन वह्या रचल्या. खालचा डिंक ओला होता. तासाभरात अर्ज नोटिशीच्या पाठीला असा बसला की दोन्ही कागद एकच झाले. दुसऱ्या दिवशी तिच्याकडे लग्नाचे कपडे शिवायला आले आणि पावतीचे राहून गेले.

सोळाव्या दिवशी साहेबांनी विचारले, हरकत आहे का? अण्णांनी माझी पाने चाळली आणि नाही म्हणाले. ते खोटे बोलत नव्हते, कामाच्या गर्दीत अर्ज त्यांच्या ध्यानातून गेला होता आणि चाळताना तो दिसलाही नाही. मला तो टोचत होता, पण मला तोंड कुठे आहे? साहेबांनी सही केली. दोन्ही नावांभोवती कंस पडला.

वखारवाला मोजणीची फीत घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा तिला हे कळले. ती तडक कचेरीत आली. अर्ज तुमच्याच हातात दिला होता, असे ती पुन्हा पुन्हा सांगत होती. अण्णांनी आवकवही पाहिली, कपाट उपसले, मला दोनदा चाळले. पान जाड लागले, पण ते नोटिशीमुळे असेल असे त्यांना वाटले. शेवटी त्यांनी मान खाली घालून सांगितले की रोज इतकी माणसे येतात, मला आठवत नाही. मित्रांनो, तिला पाहताच त्यांना सगळे आठवले होते. ते घाबरले होते. मला त्या दिवशी त्यांचा राग आला.

ती वरच्या कचेरीत गेली. तिथे हरकतीचा पुरावा मागितला. तो तिच्याकडे नव्हता. तो माझ्या पोटात होता. सात महिने असेच गेले. महिनाअखेर घर रिकामे करा, असे वखारवाल्याने बजावले.

त्याच महिन्यात जुन्या वह्या स्कॅन करायला एक बाई आल्या. त्यांचा नियम साधा होता. प्रत्येक पान बोटांत धरून एकदा चोळायचे, मगच पुढे जायचे. एकशे त्रेचाळीसवर त्या थांबल्या. त्यांनी ओल्या कापसाने कड भिजवली, खाली लाकडी पट्टी सरकवली आणि अर्ज अलगद सोडवला. निळी शाई पसरली होती, पण सही आणि तारीख जशीच्या तशी होती. त्यांनी अण्णांना हाक मारली.

खोलीत दोघेच होते. अण्णांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. कागद खिशात गेला असता तर माझी पाने दोनशेच भरली असती आणि कोणाला काही कळले नसते. त्या वेळी मला माझ्या दोनशेच्या तोऱ्याची लाज वाटली.

“हे स्कॅन करायचं का?” बाईंनी विचारले.

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“आधी तेच करा,” ते म्हणाले. “तो अर्ज मीच घेतला होता.”

हेच त्यांनी साहेबांना लिहून दिले आणि स्वतःच्या हाताने वरच्या कचेरीत पोचवले. त्यांना लेखी ताकीद मिळाली. वखारवाला खूप तणतणला, बहिणीची संमती आहे असे भावानेच सांगितले होते म्हणाला. वरच्या साहेबांनी निकाल दिला की भावाला स्वतःचा अर्धा हिस्साच विकता येतो. बहिणीचा अर्धा हिस्सा तिचाच.

बदल माझ्यातच लिहिला गेला. माझ्यात काही खोडत नाहीत, त्यामुळे अण्णांची चूक आजही त्या पानावर वाचता येते. तिचे नाव दोनदा आहे, एकदा कंसात आणि त्याखाली कंसाशिवाय.

ती पान बघायला आली होती. खालच्या नावावर तिने बोट ठेवले आणि बराच वेळ उचलले नाही. अण्णांनी निकालाची प्रत तिच्यापुढे ठेवली आणि मिळाल्याची सही मागितली. तिने सही केली, पण ती उठली नाही.

“अण्णा, माझी पावती राहिली आहे,” ती म्हणाली. “त्या अर्जाची.”

अण्णांनी खणातून नवी शाई काढली, पावती लिहून शिक्का मारला. तो वाळल्यावर तिने पावतीची घडी केली आणि पिशवीत ठेवली.

आता मी कपाटात वरच्या कप्प्यात असते. स्कॅन झाल्यापासून मला फारसे कोणी काढत नाही. मित्रांनो, तुमच्या हाती कधी कोणी विश्वासाने कागद दिला, तर त्याची पावती त्याच दिवशी द्या. शाई वाळली असेल तर हाताने लिहून द्या. आणि आमच्यासारख्या वहीत काही शोधायची वेळ आली, तर जाड लागलेल्या पानाशी जरा थांबा.